उशिरा पेरलेल्या गव्हावर समुद्री शेवाळाच्या अर्काची फवारणी : दोन हंगामांचा अनुभव

कराड तालुक्यात कृष्णाकाठी ज्यांची शेती आहे, त्यांचा गहू कधी पेरला जाणार हे कारखान्याची ऊसतोड कधी येते यावर ठरते. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते आणि १५ डिसेंबरनंतर पेरणी फायद्याची राहत नाही, असे महात्मा फुले कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. आमच्याकडे मात्र उसाला तोड मिळून, पाचट आवरून, रान नांगरून आणि वाफसा येऊन पेरणीची पाभर रानात शिरेपर्यंत डिसेंबर उजाडलेला असतो. अशा गव्हाचा दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत येतो आणि तोच उन्हाच्या चढत्या तापाचा काळ असतो. या अडचणीवर उपाय म्हणून कृषी सेवा केंद्रात जे द्रावण दिले जाते, ज्याला शेतकरी 'टॉनिक' म्हणतात आणि कायदा जैव उत्तेजक म्हणतो, ते मी सलग दोन रब्बी हंगाम वापरले. त्याचा हा अनुभव आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हेच घटक असलेली उत्पादने अनेक कंपन्या विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते एका बाटलीपुरते मर्यादित नाही.

प्रथम उष्णतेने गव्हाचे नेमके काय बिघडते हे लक्षात घेतले पाहिजे, नाहीतर औषधाकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात. दाण्याचे बहुतांश वजन पिष्टाचे असते आणि ते फुलोऱ्यानंतरच्या चार-पाच आठवड्यांत साठते. या काळात पिकाला १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. दुपारचा पारा दररोज ३० अंशांच्या पुढे जाऊ लागला की दाण्यात साखरेचे पिष्ट करणारे विकर मंदावते, पानातील हरितद्रव्य लवकर नष्ट होते आणि पीक आपले आयुष्य घाईने संपवू लागते. रात्रही उबदार राहिली तर दिवसा तयार झालेले अन्न श्वसनातच अधिक खर्च होते. बांधावरून पाहणाऱ्याला गहू लवकर पिकल्यासारखा वाटतो; दाणा चिरमटलेला होता हे मळणीच्या वेळी पोत्यात हात घातल्यावर समजते. २०२२ चा मार्च महिना सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबात देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला, उत्तरेकडील गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर २०२५ चा फेब्रुवारी महिना सरासरी तापमानाच्या हिशेबात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि माझी दुसऱ्या हंगामातील चाचणी योगायोगाने त्याच महिन्यात रानात उभी होती.

मी वापरलेल्या द्रावणात तीन मुख्य घटक होते : समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले आणि फुल्विक आम्ल. शेवाळाच्या अर्कातील शर्करायुक्त घटक आणि बेटाइन वर्गातील पदार्थ पिकाच्या पेशींना ताणाची आधीच चाहूल देतात, त्यामुळे ताणात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन कणांना निकामी करणारी विकरे पिकात अगोदरच वाढलेली असतात, असे त्यामागचे शास्त्र आहे. अमिनो आम्ले पेशीतील पाणी टिकवण्यास हातभार लावतात आणि फुल्विक आम्ल अन्नद्रव्ये पानात शिरण्यास मदत करते. यांतील एकही घटक पानाचे तापमान थेट खाली आणत नाही, आणि करपलेले पान तर पुन्हा हिरवे होणे शक्यच नाही. पीक ताणासाठी तयार व्हावे एवढेच त्याचे काम आहे, आणि तयारी ही संकट येण्यापूर्वीच होऊ शकते. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितले नाही.

पहिला हंगाम २०२३-२४ चा होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गव्हाच्या पानांची टोके पिवळी पडू लागली, तेव्हा मी दुकानात गेलो. दुकानदाराने बाटली पुढे केली आणि म्हणाला, "काका, तासगावला द्राक्षाला हेच मारतात, गव्हाला का नाही चालणार?" तासगाव, पलूस भागातील द्राक्ष बागायतदार शेवाळाचे अर्क आणि अमिनो आम्ले पुष्कळ वापरतात हे खरे आहे. परंतु द्राक्षाचा माल प्रतवारीनुसार दराने विकला जातो आणि घडाची फुगवण, चकाकी यांना तेथे वेगळी किंमत मिळते. गव्हाचे गणित क्विंटलमागच्या रुपयांवर चालते, म्हणून तेथील अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही. मी ते द्रावण दुपारी बारा वाजता, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात, दुकानदाराच्याच सांगण्यावरून एका बुरशीनाशकात आणि १९:१९:१९ या विद्राव्य खतात मिसळून संपूर्ण रानावर फवारले. तुलनेसाठी एक सरीसुद्धा मोकळी ठेवली नाही. परिणाम काय झाला हे मला आजही सांगता येणार नाही, कारण कशाशी ताडून पाहावे असे रानात काही उरलेच नव्हते. पानांच्या काही टोकांवर डाग पडले एवढे दिसले आणि ते कशामुळे पडले हेही त्या मिश्रणातून शोधून काढता आले नाही.

त्या बाटलीवर 'शंभर टक्के जैविक' असे मोठ्या अक्षरांत होते, परंतु घटकांचे प्रमाण, नोंदणीचा क्रमांक आणि कोणत्या पिकावर किती मात्रा वापरावी हे काहीच नव्हते. येथे वाचकांना थोडी माहिती द्यावीशी वाटते. केंद्र सरकारने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव उत्तेजकांना त्याच्या कक्षेत आणले. वनस्पतिजन्य व शेवाळाचे अर्क, प्रथिनांचे विघटन करून मिळवलेले पदार्थ व अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, ह्युमिक व फुल्विक आम्ले, बाष्परोधके असे त्याचे वर्ग ठरवले, आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा अधिक असू नये असे बंधन घातले. मधल्या काळात उत्पादकांना तात्पुरती नोंदणी मिळत होती, जिला व्यापारात 'जी-३' म्हणतात. तिची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. एकेकाळी सुमारे ३०,००० जैव उत्तेजके तपासणीविना विकली जात होती आणि आता ती संख्या साडेसहाशेच्या घरात आली आहे, असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. यंदा खरेदी करणाऱ्याने बाटलीवर खत नियंत्रण आदेशाचा उल्लेख, घटकांची टक्केवारी, पिकाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पाहावी आणि पक्की पावती घ्यावी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण मी स्वतः त्यातले काहीही न पाहता पैसे मोजले होते.

दुसऱ्या वर्षी मी दुकान बदलले आणि ज्या बाटलीवर ही माहिती छापलेली होती तीच घेतली. अर्ध्या लिटरची किंमत ४६० रुपये पडली. द्रावण गडद तपकिरी, किंचित दाट आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या शेवाळासारख्या वासाचे होते. तळाला थोडा गाळ बसत होता, परंतु हलवल्यावर तो सहज मिसळला आणि फवारणीच्या नोझलमध्ये एकदाही अडकला नाही. ही गोष्ट लहान वाटेल, पण सायंकाळी उजेड जाण्यापूर्वी रान उरकायचे असताना नोझल काढून धुण्यात अर्धा तास गेला की त्याचे महत्त्व कळते.

गहू दीड एकर होता. जात 'फुले समाधान', जी निफाडच्या संशोधन केंद्राची असून वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस केलेली आहे. पेरणी ६ डिसेंबर २०२४ ची. रानाचे वीस-वीस गुंठ्यांचे तीन पट्टे केले आणि ते पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने लांब ठेवले, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला पाटाजवळची ओल आणि शेवटाकडची ओढ सारखीच वाट्याला यावी. पहिल्या पट्ट्यावर नुसते पाणी फवारले, कारण फवारणीच्या पाण्याचाही काही परिणाम होत असेल तर तो वेगळा काढता यावा. तिसऱ्या पट्ट्यावर शेवाळाचा अर्क, १६ लिटरच्या पंपाला ४० मिली या मात्रेने. मधल्या पट्ट्यावर साधा म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे लाल पोटॅश हे पालाशाचे खत, लिटरला २ ग्रॅम. या मधल्या पट्ट्याची कल्पना माझी नव्हे. तापमान वाढण्याची शक्यता असल्यास ०.२ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम, किंवा २ टक्के पोटॅशियम नायट्रेट पोटरीच्या अवस्थेत (ओंबी बाहेर पडण्यापूर्वी पानाच्या आवरणात असताना) आणि फुलोऱ्यानंतर फवारावे, असा सल्ला कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेने दिला होता. पालाश पानावरील छिद्रांची उघडझाप आणि अन्नरसाची दाण्याकडे होणारी वाहतूक या दोन्हींत कामाला येते. महागड्या बाटलीची तुलना नुसत्या पाण्याशी करून भागत नाही, तिची तुलना पंधरा रुपयांच्या पालाशाशीही झाली पाहिजे असे मला वाटले, आणि या सगळ्या उपद्व्यापात तोच निर्णय सर्वांत उपयोगी ठरला.

पहिली फवारणी २९ जानेवारीला केली, तेव्हा ओंबी पोटरीत होती. दुसरी १४ फेब्रुवारीला, फुलोरा आटोपून दाण्यात चीक भरू लागला तेव्हा. दोन्ही वेळा साडेचारनंतर सुरुवात केली, विहिरीचे गोडे पाणी वापरले, चिकट द्रव्य बेताने घातले आणि दुसरे काहीही मिसळले नाही. गव्हाच्या पानावर मेणाचा पांढुरका थर असतो आणि भर उन्हात थेंब वाळून जातो. सायंकाळच्या थेंबाला रात्रीच्या दवाची साथ मिळते आणि तो पानावर अधिक काळ ओला राहतो. लाल पोटॅश मात्र पाण्यात पूर्ण विरघळत नाही, ते आदल्या रात्री बादलीत भिजवून सकाळी फडक्यातून गाळून घ्यावे लागले. पाण्याच्या पाळ्या तिन्ही पट्ट्यांना एकाच दिवशी दिल्या : मुकुटमुळे फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना.

फरक दिसला तो ध्वजपानात, म्हणजे ओंबीच्या लगतच्या पानात, ज्याचा दाणा भरण्यात मोठा वाटा असतो. मार्चच्या पहिल्या तारखेला पाण्याच्या पट्ट्यातील ध्वजपानांची टोके पिवळी होऊ लागली होती. अर्काच्या पट्ट्यात तीच अवस्था चार दिवस उशिरा आली आणि पालाशाचा पट्टा या दोघांच्या मधोमध राहिला. चार दिवस ऐकायला थोडे वाटतात, परंतु ज्या पिकाला दाणे भरायला जेमतेम महिना मिळतो त्याच्यासाठी ते थोडे नाहीत. ओंब्यांच्या संख्येत मला काही फरक आढळला नाही आणि तो आढळायचे कारणही नव्हते, कारण फुटवे किती टिकणार हे पहिल्या फवारणीच्या कितीतरी आधी ठरलेले असते. माव्याचा उपद्रव तिन्हीकडे सारखाच होता.

हार्वेस्टरने पट्टे वेगळे ठेवता येत नाहीत, म्हणून विळ्याने कापणी करून प्रत्येक पट्ट्याची मळणी स्वतंत्र केली. पाण्याच्या पट्ट्यातून ५ क्विंटल ८० किलो, पालाशाच्या पट्ट्यातून ६ क्विंटल ५ किलो आणि अर्काच्या पट्ट्यातून ६ क्विंटल २० किलो गहू मिळाला. प्रत्येक पट्ट्यातील तीन ठिकाणचे हजार-हजार दाणे मोजून गावातील सराफाच्या काट्यावर तोलले, तेव्हा सरासरी अनुक्रमे ३३ ग्रॅम, साडेचौतीस ग्रॅम आणि ३५ ग्रॅमच्या थोडी वर आली. म्हणजे वाढ झाली ती दाण्याच्या भरावात झाली, आणि उष्णतेने ज्या जागी नुकसान होते त्याच जागी ती दिसली, यामुळे मला या निकालावर थोडा अधिक विश्वास वाटतो. आईने तिन्ही गहू वेगवेगळे दळून चपात्या करून पाहिल्या. चवीत आणि मऊपणात तिला फरक जाणवला नाही, मात्र पाण्याच्या पट्ट्यातील गव्हाला चाळणीत कोंडा जास्त राहिला असे तिने सांगितले.

आता पैशांचा हिशेब. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, तोच धरतो. अर्काने पाण्यापेक्षा ४० किलो अधिक दिले, म्हणजे ९७० रुपये. बाटली ४६० रुपयांची. मी फवारणी स्वतः केली, परंतु अर्ध्या एकराला एका वेळची मजुरी २५० रुपये धरली तर एकूण खर्च ९६० रुपये होतो आणि हातात काही उरत नाही. पालाशाने २५ किलो अधिक दिले, म्हणजे सुमारे ६०६ रुपये. त्यासाठी दोन्ही फवारण्यांत मिळून ४०० ग्रॅम पोटॅश लागले, ज्याची किंमत पंधरा रुपयांच्या आतबाहेर असेल, आणि मजुरीसह खर्च ५१५ रुपये. पालाशापेक्षा अर्काचे जे १५ किलो जास्त मिळाले त्यांचे ३६४ रुपये होतात, ज्यात बाटलीची किंमतही निघत नाही. शिवाय वीस गुंठ्यांच्या पट्ट्यात १५ किलोचा फरक जमिनीच्या कमीजास्त पोतामुळेही पडू शकतो. एका रानातील एका वर्षाची ही चाचणी आहे, तिच्यावरून मी कोणालाही ठाम आकडा सांगणार नाही. पाणी आणि बाकीचे दोन पट्टे यांतील अंतर मात्र डोळ्यांना, काट्याला आणि चाळणीलाही जाणवले.

उत्पादनाविषयी माझी तक्रार त्याच्या माहितीपत्रकाशी आहे. त्यात गव्हासाठी 'पीक वाढीच्या कोणत्याही अवस्थेत' फवारणी करावी असे लिहिले आहे आणि 'उष्णतेपासून संपूर्ण संरक्षण' असे आश्वासन दिले आहे. पहिले विधान शेतकऱ्याला चुकीच्या वेळी पैसे खर्च करायला लावते. फेब्रुवारीअखेर पान पिवळे पडल्यावर बाटली घ्यायला येणारा माझ्यासारखा माणूस अशाच वाक्यामुळे फसतो. दुसरे विधान खरे नाही. माझ्या अर्काच्या पट्ट्यातही दाणा वेळेवर पेरलेल्या गव्हाच्या तुलनेत बारीकच होता. पोटरीची अवस्था कशी ओळखावी याचे एक साधे चित्र आणि हवामान खात्याचा तापमानवाढीचा इशारा येण्याआधीच फवारावे ही एक ओळ त्या पत्रकात असती, तर त्या बाटलीची उपयुक्तता कितीतरी वाढली असती.

गुण द्यायचे झाले तर मी या द्रावणाला पाचपैकी तीन देईन. ते निरुपयोगी नाही, त्याचा दर्जा चांगला होता आणि योग्य वेळी, सायंकाळी, एकटे फवारले तर पान काही दिवस अधिक जगते. मात्र साध्या पालाशाच्या तुलनेत गव्हाला ते महाग पडते. ज्यांचा गहू बियाण्यासाठी आहे किंवा घरगुती ग्राहकांना टपोऱ्या दाण्याचा चढा दर घेऊन विकला जातो, त्यांना ते परवडू शकेल. बाजार समितीत पोते टाकणाऱ्याला माझ्या हिशेबाने परवडत नाही. आणि ज्यांना पेरणी लवकर करणे शक्य आहे, त्यांनी बाटलीचा विचार करण्यापूर्वी जातीचा आणि तारखेचा विचार करावा. आमच्याच सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील करंजखोप येथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची 'एमएसीएस ६४७८' ही जात आल्यावर, पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल घेणारे शेतकरी ४५ ते ६० क्विंटलपर्यंत पोहोचले. ती जात सुमारे ११० दिवसांत तयार होते. कोणत्याही फवारणीतून एवढा फरक मिळणार नाही.

यंदा तोड नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल असे कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या माणसाने, सांगितले आहे. तसे झाले तर पेरणी नोव्हेंबरअखेर उरकेल आणि एक पट्टा सोडून बाकीच्या एकरावर पोटरीत व फुलोऱ्यानंतर पालाशच फवारणार आहे. अर्काची एक बाटली फक्त वीस गुंठ्यांसाठी घेतली आहे, आणि गेल्या वर्षी जेथे नुसते पाणी फवारले होते त्याच पट्ट्यावर ती वापरणार आहे, म्हणजे १५ किलोंचा तो फरक जमिनीचा होता की शेवाळाचा, हे मार्चअखेर काट्यावर पाहता येईल.